लग्न झालेलं नाही, कस्टडीची ऑर्डर नाही. मुलांना घेऊन पुण्याहून नागपूरला जाऊ शकते का?

दोघांची_आई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी आणि मुलांचे बाबा, आमचं लग्न झालेलं नाही. नऊ वर्षं एकत्र राहिलो. लग्न का नाही केलं तो विषय इथे नको प्लीज, त्यावर घरी आणि बाहेर इतकं ऐकून झालंय की आता ताकद नाही. मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत, मुलगा साडेतीन. गेल्या दिवाळीपासून आम्ही वेगळे राहतो. मुलं माझ्याकडेच असतात, ते दर रविवारी सकाळी दहाला येतात, दोघांना घेऊन जातात आणि सातपर्यंत आणून सोडतात. त्यांनी कधी हात उचललेला नाही, दारू नाही, मुलांवर जीव आहे, हे मी मुद्दाम सांगतेय कारण मला त्यांच्याविरुद्ध काही खोटंनाटं करायचं नाहीये. पैसे मात्र मनात आले तर देतात, नाहीतर नाही. फेब्रुवारीपासून एक रुपया आलेला नाही.

माझं माहेर नागपूरचं. आई एकटी असते, मनीषनगरला स्वतःचं घर आहे. आता मला तिथे नोकरी मिळतेय, 1 जूनपासून जॉइन व्हायचंय. इथे घरभाडं, मुलाचं डे-केअर आणि शाळेची व्हॅन यातच पगार संपतो, तिकडे भाडं नाही आणि मुलांना आजी आहे. मी त्यांना हे सांगितलं तर दोन दिवस काही बोलले नाहीत आणि मग रात्री साडेअकराला मेसेज आला की मुलांना घेऊन पुण्याबाहेर पाऊल टाकलंस तर मी पोलिसात किडनॅपिंगची तक्रार देणार. तेव्हापासून झोप उडालीय. मुलगी रोज विचारते की नागपूरला गेलो की बाबांचा रविवार कुठल्या वारी असणार. काय सांगू तिला.

कोर्टात आम्ही दोघंही कधी गेलेलो नाही. कस्टडीची ऑर्डर वगैरे काहीच नाही. दोघांच्याही जन्मदाखल्यावर वडील म्हणून त्यांचं नाव आहे. शाळेच्या फॉर्मवरही आहे. जुन्या भाडेकरारात तर मी "पत्नी" म्हणून आहे, कारण नाहीतर घरमालक घरच देत नव्हते.

आईच आपल्या मुलांना घेऊन गेली तर गुन्हा होतो का? आधी कोर्टातून काही आणावंच लागतं का? आणि शाळेचा दाखला काढताना त्यांची सही मागितली तर काय करू? कोणाला माहीत असेल तर सांगा, कोणी यातून गेलं असेल तर नक्की लिहा.

सह्याद्री_वारा

ताई घाबरू नका, आई आहात तुम्ही. सरळ गाडीत बसा आणि जा. कोणाला काही सांगू नका, तिकडे पोचलात की दुसऱ्या दिवशी नागपूरच्या कोर्टात केस टाका, म्हणजे त्यालाच पुण्याहून तारखांना यावं लागेल. माझ्या मावसबहिणीने असंच केलं होतं.

अ‍ॅड_मृ_कु

वरचा सल्ला मनापासून दिलाय हे कळतंय, पण कृपया असं करू नका, का ते सांगते. मी फॅमिली कोर्टात काम करते. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे हे जनरल समजा आणि एकदा समोर बसून वकिलाला दाखवाच.

आधी तुमची झोप उडवणारा प्रश्न. आईवडिलांचं लग्न झालेलं नसेल तर हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप अ‍ॅक्ट, 1956 च्या कलम 6(ब) प्रमाणे मुलाची नैसर्गिक पालक आई असते, आणि तिच्यानंतर वडील. (हा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. ख्रिश्चन किंवा इतर कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी 1890 चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे, आणि 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने ज्या अविवाहित आईला वडिलांना नोटीस न पाठवताही पालकत्वाचा अर्ज चालवता येईल असं म्हटलं ती ख्रिश्चनच होती.) म्हणजे आज, कुठल्याही ऑर्डरशिवाय, कायद्याच्या नजरेत या दोन मुलांच्या पहिल्या पालक तुम्ही आहात. जन्मदाखल्यावर त्यांचं नाव आहे म्हणून हे उलटं होत नाही. आपल्याच ताब्यातल्या मुलांना घेऊन आई दुसऱ्या गावी राहायला गेली तर ते किडनॅपिंग नव्हे. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून मुलाला पळवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 137, आणि इथे कायदेशीर पालक तुम्हीच. त्या कलमाला एक अपवादही जोडलेला आहे, जो माणूस प्रामाणिकपणे स्वतःला लग्नाबाहेर झालेल्या मुलाचा बाप समजतो त्यालाही, हेतू वाईट नसेल तर, हे कलम लागत नाही. म्हणजे उद्या त्यांनी मुलांना तुमच्याकडे परत आणून सोडलं नाही तर तुम्हालाही सहजासहजी किडनॅपिंग लावता येणार नाही, हेही डोक्यात असू द्या.

आता "जा आणि तिकडे केस टाक" याबद्दल. गार्डियनशिपचा अर्ज कुठे चालणार हे वर सांगितलेल्या 1890 च्या कायद्याचं कलम 9 ठरवतं (हा कायदा हिंदूंनाही लागू आहे), मूल जिथे सामान्यतः राहतं तिथलं कोर्ट. काल रात्री गाडीने पोचलेलं मूल नागपूरला "सामान्यतः राहतं" असं कुठलंही कोर्ट म्हणणार नाही. मुलीची शाळा पुण्यात, डॉक्टर पुण्यात, लसीचं कार्ड पुण्याचं. ते पुण्यात शिवाजीनगर कोर्टात अर्ज टाकतील आणि तुम्हालाच तारखांना यावं लागेल, वर पहिल्याच तारखेला तुमची ओळख "न सांगता मुलं घेऊन गेलेली बाई" अशी होईल. ते पुसायला वर्ष जातं हो. मुलं तिकडे रुळली, शाळेत जायला लागली, काही महिने गेले, की चित्र बदलतं, पण ते उघडपणे गेलेल्यांचं बदलतं.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. "आधी कोर्टातून ऑर्डर आणा मगच जा" असं तुम्हाला बरेच जण सांगतील. पण कोर्टाने तुम्हाला एकदा गार्डियन म्हणून नेमलं की त्याच 1890 च्या कायद्याचं कलम 26 लागू होतं, कोर्टाने नेमलेल्या पालकाला कोर्टाच्या हद्दीबाहेर मुलाला न्यायचं तर कोर्टाची परवानगी लागते. म्हणजे ऑर्डर नसताना जाता येतं आणि ऑर्डर मिळवून बसलात तर परवानगी काढावी लागते. अर्ज करायचाच असेल तर त्याच अर्जात नागपूरला राहायची परवानगी मागून घ्यायची, ती एकदाच कायमची मागता येते, दर वेळी वेगळी मागावी लागत नाही.

तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते भाडेकरारातलं "पत्नी". बरीच वर्षं नवरा-बायकोसारखे एकत्र राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलंच आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं, सुप्रीम कोर्टाचं हे म्हणणं 1978 पासूनचं आहे (ते जोडपं पन्नास वर्षं एकत्र राहिलं होतं). समोरच्याच्या वकिलाने तो करार दाखवून "हे लग्नच आहे" असं मांडलं तर कलम 6(ब) ऐवजी 6(अ) येतं, आणि तिथे वडील आधी, मग आई. ते मांडणं टिकेल असं मला वाटत नाही, दोघंही लग्न झालेलं नाही असंच म्हणताय, आणि पाच वर्षांखालचं मूल एरवी आईकडेच असावं असं तिथेही लिहिलेलं आहे. पण वकिलाकडे जाताना हा करार लपवू नका. आणि कुठल्याही नव्या फॉर्मवर सोय म्हणून "विवाहित" लिहू नका.

शेवटी कोर्ट काय बघणार, तर मुलांचं हित. 1956 च्या कायद्याचं कलम 13. बाकी सगळं त्याच्या खाली. म्हणून तुमच्या हातात आज जे आहे ते म्हणजे त्यांना लेखी कळवणं. नोकरीचं पत्र, घराचा पत्ता, शाळा कुठली, रविवारच्या ऐवजी काय, हे सगळं जायच्या निदान महिनाभर आधी ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. भांडण न करता. तो मेसेज उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असं समजून लिहा.

पंचगंगा_काठची

ताई, मी यातून गेलीय. ठाण्याहून कोल्हापूरला आले, मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. आमचंही लग्न नव्हतं. वकीलबाईंनी वर लिहिलंय ना "उघडपणे", ते मला कोणीतरी तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

मी पहाटे निघाले. दोन बॅगा, पोराचं दप्तर आणि त्याची छोटी सायकल टेम्पोत. सायकलवर तो अडून बसला होता, सोडून यायला तयारच नव्हता. कोल्हापुरात पोचल्यावर मी फोन बंद करून ठेवला. तीन आठवडे. मला वाटायचं फोन लावला की पोराचा बाप पत्ता काढणार, येणार, तमाशा करणार. माझ्या बाजूने ती भीतीच होती, दुसरं काही नाही. पण त्याच्या बाजूने बघा, पोरगं जिवंत आहे का मेलंय त्याला माहीत नाही. त्याने पोलिसात मिसिंग दिली. चौथ्या आठवड्यात दोन पोलीस दारात, शेजारीपाजारी गॅलरीत. पोलीस तसे बरे वागले, पोराला विचारलं, माझा जबाब घेतला, जन्मदाखला बघितला आणि म्हणाले मॅडम हे कोर्टाचं काम आहे, आमचं नाही, आणि गेले. गुन्हा काही नोंदला नाही. पण पोरगं त्या दिवसापासून दार वाजलं की आतल्या खोलीत जायचं. ते जायला दोन वर्षं लागली. अजून कधीकधी जातं.

मग केस झाली, ठाण्यालाच. मी दर तारखेला रात्रीच्या गाडीने जायची, पोराला आईजवळ ठेवून. पहिल्याच दिवशी जजसाहेबांनी विचारलं, तीन आठवडे फोन का बंद होता? मला उत्तरच देता येईना. मारहाण होती का? नव्हती. धमकी होती का? तोंडी होती, लेखी काही नाही. माझ्या वकिलांनी किती काय काय सांगितलं पण त्या एका प्रश्नाने माझी बाजू कितीतरी महिने मागे गेली. शेवटी पोरगं माझ्याकडेच राहिलं, त्याच्या बापाला सुट्ट्या मिळाल्या. तेच आम्ही घरी बसून ठरवू शकलो असतो.

तुम्हाला एक सांगते, जाताना फाईल करा. जन्मदाखले, लसीचं कार्ड, नोकरीचं पत्र, तुम्ही फी भरल्याच्या पावत्या, त्याला केलेले मेसेज प्रिंट काढून तारखेप्रमाणे. आणि पोचल्या पोचल्या पहिला फोन मुलांच्या बाबांना करा. पोरांना बोलू द्या. स्पीकरवर नको, पोरांच्या हातात फोन द्या आणि तुम्ही बाहेर जा.

बाबा_फक्त_सुट्टीत

मी दुसऱ्या बाजूचा आहे. लिहू की नको करत होतो.

माझी मुलगी तिच्या आईबरोबर असते, साडेचारशे किलोमीटरवर. लग्न नव्हतं. वकिलाने मला पहिल्या भेटीतच सांगितलं की कायद्याने आई पहिली, तुम्ही तिच्यानंतर, पण बाप म्हणून भेटायचा अर्ज तुम्ही करू शकता आणि कोर्ट मुलीचं हित बघून देतं. ते ऐकून मी इमारतीच्या खाली येऊन स्कूटरवर अर्धा तास नुसता बसलो होतो. सात वर्षं रोज मी तिची वेणी घातली होती, आणि कागदावर मी "तिच्यानंतर".

तुमचे ते जे बोलले ना पोलिसात जाईन, ते चूकच आहे, पण मला ते कुठून येतं ते माहीत आहे. राग दिसतो बाहेरून, आत नुसती भीती असते. मीही तसलेच मेसेज केले होते, रात्रीच, आणि तेच मेसेज नंतर कोर्टात माझ्याविरुद्ध लागले. त्यांना कोणीतरी सांगा की ताई तारीख लिहून देतायत तर ती घे. मला "येत जा कधीही" असं तोंडी सांगितलं होतं. कधीही म्हणजे कधीच नाही झालं. दर वेळी पाहुणे, परीक्षा, ताप. कोर्टातून जेव्हा मिळालं की मे महिन्यातले वीस दिवस, दिवाळीतला अर्धा आणि रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल, तेव्हा पहिल्यांदा मला झोप लागली. कमी आहे, पण माझं आहे.

तर तुम्ही लिहून द्या. सुट्टीत कोण आणायला जाणार, तिकिटाचे पैसे कोण देणार, कॉल किती वाजता, आजारी पडलं तर किती वेळात कळवायचं, इतकं बारीक. आणि शाळेच्या फॉर्मवरून त्यांचं नाव काढू नका. गॅदरिंगचा फोटो शाळेच्या ग्रुपवर आला तर तो मलाही दिसतो, एवढंसं असतं ते, पण मला माहीत आहे त्याची किंमत.

एक विचारतो, राग मानू नका. पैसे बंद झाले म्हणून रविवार बंद केला नाहीत ना कधी?

दोघांची_आई

नाही. एकही रविवार चुकवलेला नाही. मुलाला ताप होता तेव्हा ते घरी येऊन त्याच्या उशाशी बसले होते दिवसभर.

सगळ्यांचं वाचतेय. रडतेय पण वाचतेय.

बदलापूर_लोकल

पैशांबद्दल एक राहिलं. मुलांच्या पोटगीचा आणि भेटीचा संबंध लावू नका, पण पोटगी सोडूही नका. आईवडिलांचं लग्न असो नसो, मुलाला वडिलांकडून पोटगी मागता येते, पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) 125 होतं ते आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 144 आहे, आणि तो अर्ज तुम्ही जिथे राहता तिथेही करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, पुण्यात आहे, नागपुरात आहे. बायकांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, 15100 वर फोन करूनही विचारता येतं. माझ्या बहिणीला तिथून मिळालेली वकील अतिशय चांगली होती, हे मी अनुभवाने सांगतो. केस न टाकता आधी समझोत्यासाठी दोघांना बोलावतात, तेही तिथे होतं.

वऱ्हाडी_मॅडम

मी नागपूरकडली शिक्षिका आहे, अनुदानित शाळेत पंचवीस वर्षं झाली. शाळेचं मी सांगते, त्याचं टेन्शन घेऊन राहिल्या तुम्ही उगाच.

दाखल्यासाठी अर्ज पालकाने करायचा असतो, आई पालक आहे, विषय संपला. दोघांच्याच सह्या पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. काही शाळा आपल्या मनाने मागतात, भांडण आपल्या अंगावर नको म्हणून. तुम्ही शांतपणे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. आरटीई (शिक्षणहक्क) कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे, दुसऱ्या शाळेसाठी मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. हे आठवीपर्यंत. जिल्हा परिषद, महानगरपालिका, अनुदानित, इथं तर तुमचा हक्कच आहे बदली मागायचा. खाजगी विनाअनुदानित पाहिजे असेल तर तिथं हा बदलीचा हक्क चालत नाही, तिथं जागा पाहावी लागेल, म्हणून एप्रिलमध्येच विचारून ठेवा. दाखला निघाला की मुलीची ऑनलाइन नोंद पण जुन्या शाळेतून इकडे यायला पाहिजे, तिचा विद्यार्थी आयडी लिहून आणा, तो नसला की आमच्या इकडं दोन दोन महिने अडकून राहतं.

आणि विदर्भात शाळा उशिरा उघडतात बरं का, उन्हामुळे. तिकडं पुण्यात 15 जूनच्या आसपास सुरू होतात, आमच्याकडं जूनच्या शेवटी. म्हणजे तुम्ही 1 तारखेला जॉइन झाल्या तरी जवळजवळ महिना आहे हातात. तेव्हा पोरं बाबांजवळ पुण्यालाच राहू द्या न थोडे दिवस. तुमचं सामान लागेपर्यंत त्यांची सुट्टी तिकडं होईल, पोरीला पण वाटेल की बाबांना सोडून पळून नाही आलो आपण. मी वर्गात पाहते बाप्पा, मधेच आलेलं लेकरू असतं, दप्तराच्या आतल्या कप्प्यात जुन्या शाळेचा बिल्ला ठेवलेला असतो. कोणाला दाखवत नाही. मधल्या सुट्टीत हात घालून पाहतं आहे का म्हणून. त्याला काढून टाक म्हणायचं नाही, आपोआप एक दिवस घरी ठेवून येतं.

नावाचं म्हणाल तर, 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी आपल्याकडं मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहितात, आणि अविवाहित आईच्या मुलाला नुसतं आईचं नाव लावता येतं. तुमची पोरं त्याआधीची आहेत, तेव्हा आहे तसंच राहू द्या, नाव बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका.

अ‍ॅड_मृ_कु

मॅडमनी सांगितलेलं मुलांना जून पुण्यात ठेवायचं मलाही आवडलं, फक्त मुलं परत कधी येणार ती तारीख लेखी असू द्या. का ते वर सांगितलंच आहे.

थेम्सकाठची_वहिनी

हे भारतातल्या भारतात आहे म्हणून ठीक आहे, पण परदेशात राहणाऱ्या कोणी वाचत असेल तर कृपया यावरून अंदाज बांधू नका. मी इंग्लंडमध्ये आहे. इकडे लग्न नसलं तरी 1 डिसेंबर 2003 नंतर जन्माच्या नोंदीत वडिलांचं नाव असेल तर त्यांना आईइतकीच पालक म्हणून जबाबदारी आणि हक्क मिळतात. मुलाला देशाबाहेर न्यायचं तर त्यांची संमती किंवा कोर्टाची परवानगी लागते, नाहीतर 1984 च्या चाइल्ड अ‍ॅब्डक्शन अ‍ॅक्टखाली गुन्हा. माझ्या ओळखीतली एकजण "आईकडे पुण्याला जाऊन येते" म्हणून गेली आणि राहिली. भारत हेग करारात (परदेशात नेलेली मुलं परत पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) नाही म्हणून तिला वाटलं तिकडे कोणी काही करू शकत नाही. पण आपली कोर्टं मुलाचं हित बघून परत पाठवू शकतात, पाठवतातही, आणि ती इकडे परत आली असती तर विमानतळावरच अडकली असती. तीन वर्षं ती ना इकडची ना तिकडची. देशाच्या आत दुसऱ्या गावी जायला इकडे अशी लेखी परवानगी लागत नाही, पण दुसरा पालक कोर्टात जाऊन थांबवायची ऑर्डर मागू शकतो, आणि शाळा मध्येच बदलत असेल तर कोर्ट ऐकूनही घेतं. एवढंच सांगायचं होतं. ताई, तुम्हाला शुभेच्छा.

सह्याद्री_वारा

माझा वरचा सल्ला मागे घेतो. मावसबहिणीला आत्ता फोन केला होता, तिच्या केसच्या तारखा अजून पुण्यातच चालू आहेत. मला तेवढं माहीत नव्हतं. सॉरी ताई.

दोघांची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, माफ करा, ऑफिस आणि बांधाबांध.

तुमचं सगळं वाचून मी त्यांना मेसेज लिहिला. सात वेळा लिहिला आणि पुसला. शेवटी भांडणाचं एक वाक्य न घालता पाठवला, नोकरीचं पत्र जोडलं, आईच्या घराचा पत्ता, दोन शाळांची नावं, आणि लिहिलं की रविवार जातोय हे मला कळतंय, त्याच्या बदल्यात काय ते आपण दोघं बसून ठरवू. दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फक्त "कधी बसायचं".

बाबा_फक्त_सुट्टीत, तुमची पोस्ट मी त्यांना दाखवली. नाव गाव काही न सांगता, फोनच त्यांच्या हातात दिला. वेणीच्या वाक्यापाशी त्यांनी फोन खाली ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. नंतर म्हणाले पोलिसाचं बोलायला नको होतं.

आम्ही विधी सेवा प्राधिकरणात गेलो होतो. तिथल्या बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं, एकदा वेगवेगळं, एकदा एकत्र. ठरलं ते असं की मुलं 20 जूनपर्यंत पुण्यात त्यांच्याकडे, मग ते स्वतः आणून सोडणार. पुढच्या वर्षीपासून मे महिन्यातले चार आठवडे आणि दिवाळीच्या सुट्टीतला अर्धा त्यांच्याकडे, मधे एकदा ते नागपूरला येतील. आईने सांगितलंय की लॉजवर राहायचं नाही, घरी वरची खोली आहे. जाण्याची तिकिटं मी काढायची, येण्याची त्यांनी. रोज रात्री आठला कॉल. आणि महिन्याला ठरलेली रक्कम 5 तारखेला बँकेत, ती त्यांनी स्वतःहूनच काढली, मला मागावी लागली नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलंय. अ‍ॅड. ताई, मी दुसऱ्या वकिलांना दाखवलं, ते म्हणाले ही कोर्टाची ऑर्डर नाही, उद्या मोडलं तर कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येईल, ऑर्डरसारखं बजावून घेता येणार नाही. पुढे दोघांच्या संमतीने कोर्टात दाखल करायचं की नाही ते दिवाळीनंतर बघू म्हणालोय. भाडेकरारही दाखवला त्यांना, त्यांनी त्याची कॉपी ठेवून घेतली.

शाळेने दोघांची सही मागितलीच. मी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे अर्ज दिला, पोच मागितली. क्लार्क म्हणाले उद्या या. मी तिथेच बाकावर बसून राहिले. पाऊण तासाने शिक्का मिळाला, दाखला चौथ्या दिवशी. विद्यार्थी आयडी लिहून घेतलाय.

मुलीने विचारलं तेच पुन्हा, बाबांचा रविवार कुठल्या वारी. मी म्हटलं आता रोज आठ वाजता असेल थोडा थोडा आणि मे महिन्यात सगळा एकदम. तिने कॅलेंडर काढलं आणि पुढच्या वर्षीचं मे नाहीये त्यात म्हणून चिडली. मग मागच्या कोऱ्या पानावर पट्टीने चौकोन आखत बसली.

गाडी परवा रात्रीची आहे, मी एकटीच.